अक्षराची कड आणि करडी छटा

आज आपण ज्याची समीक्षा करणार आहोत ते पुस्तक नाही. तो ट्रूटाइप फॉन्टच्या फाइलमधला एक छोटासा तक्ता आहे. नाव ‘गॅस्प’.

आधी अडचण समजून घेऊ. अक्षराची बाह्यरेषा अखंड असते, पडदा मात्र पिक्सेलच्या चौकटींचा. रेषा चौकटीच्या मध्येच पडली तर काय करायचं? एक उपाय म्हणजे ग्रिड-फिटिंग, म्हणजे रेषा सरकवून चौकटीवर बसवायची. दुसरा स्मूदिंगचा, अर्धवट भरलेल्या पिक्सेलला करडी छटा द्यायची. कोणत्या आकाराला कोणता उपाय, हे गॅस्प सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या तपशिलातला नमुना असा: 8 पिक्सेलपर्यंत फक्त स्मूदिंग, 9 ते 16 फक्त ग्रिड-फिटिंग, 17 पासून दोन्ही.

या तक्त्याचं आम्हाला कौतुक आहे. प्लेटोसारखं आपणही धरून चालतो की आदर्श आकार एकच, बाकी सगळ्या त्याच्या सावल्या. गॅस्प म्हणतो, सावलीलाही स्वतःचे नियम असतात. जुन्या खिळे पाडणाऱ्यांना हे ठाऊक होतं. ते प्रत्येक मापासाठी अक्षर वेगळं कोरत.

आता आक्षेप. हे 8 आणि 16 चे आकडे रोमन लिपीला मानवतील. देवनागरीत त्याच उंचीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार मावायला हवेत. मग अक्षराच्या अंगाला पिक्सेल उरतात किती? त्यातून शिरोरेषा आडवी. ती पिक्सेलच्या दोन ओळींच्या मध्ये पडली, की एका काळ्या रेघेऐवजी दोन करड्या रेघा दिसतात. शिरोरेषेने सगळा शब्द बांधलेला असतो, त्यामुळे एक अक्षर नव्हे, शब्दच धुरकट होतो.

आणि हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नाही हो! ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या इवल्याशा फटीवर आणि गाठीवर उभा आहे. ती फट करडी झाली की ‘भार’चा ‘मार’ होतो. अर्जातलं नाव वाचणाऱ्याला हे परवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. अक्षरकार तक्ता लिहितो, पण पाळायचा की नाही हे यंत्र ठरवतं. मॅक अक्षराचा मूळ आकार जपतो, हिंटिंगकडे जवळजवळ बघतच नाही. विंडोजच्या क्लिअरटाइपने सुरुवातीला फक्त आडव्या दिशेने मऊपणा दिला. शिरोरेषा ठसठशीत राहिली, पण मोठ्या आकारात वेलांटीच्या कमानीवर पायऱ्या दिसू लागल्या. म्हणून गॅस्पच्या पुढच्या आवृत्तीत उभ्या दिशेच्या स्मूदिंगसाठी वेगळी खूण घालावी लागली.

कोणी म्हणेल, आता फोनचे पडदे इतके दाट आहेत की हा वादच संपला. फोनवर बऱ्याच अंशी संपला, कबूल. पण कचेरीतल्या जुन्या मॉनिटरवर तो रोज चालू असतो. शिवाय गॅस्प पिक्सेल मोजतो, डोळा मोजत नाही. पडदा किती लांब आहे, वाचणारा वीस वर्षांचा की सत्तरीचा, हे त्याला कळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच: नमुन्यातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. ‘घर’ आणि ‘धर’ शेजारी ठेवावेत, आकार एकेक पिक्सेलने उतरवत न्यावा, आणि दोन शब्द जिथे एकसारखे दिसू लागतील त्याच्या आधीच सीमा आखावी. सीमा लिपीने ठरवावी, सवयीने नव्हे.