क्रिस्तपुराणातला एक श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचं कौतुक बहुतेक वेळा त्यातल्या मराठीच्या स्तुतीपाशीच थांबतं. मला त्यातला एक श्रोता जास्त महत्त्वाचा वाटतो. तो विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? हा प्रश्न पाद्रीबाबांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवला, हे धाडसच. कारण १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली ती राशोल किल्ल्याच्या कप्तानाने; आणि १६१६ साली हे पुराण छापलं गेलं तेही राशोललाच.

उत्तरादाखल त्यांनी जवळपास ११ हजार ओव्या रचल्या. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. नव्या धर्मात अवघडून बसलेल्याला घरचा शब्द मिळाला. छपाई मात्र रोमन लिपीत झाली. इथल्या लिपीत छापू द्या, असं स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांना लिहिलं होतं. जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे लागतात, ही अडचण इंजिनियर म्हणून मला कळते. पण ज्याला फक्त इथली अक्षरं येत होती, त्याला आपलंच पुराण दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. म्हणून लंडनच्या मार्सडेन संग्रहातली देवनागरी हस्तलिखित प्रत मला छापील आवृत्त्यांहून मोलाची वाटते.