जल्प आणि वितंडा

अनोळखी माणसांशीं पडद्यावर रात्र रात्र वाद घालण्याचें जें वेड अलीकडे सुशिक्षित घरांत शिरलें आहे, त्याच्या निंदेचे लेख आतां इतके झाले आहेत कीं त्यांत आणखी एकाची भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. त्या लेखांचा रोख बहुधा सभ्यतेवर असतो. लोक शिवराळ झाले, वडीलधाऱ्यांची भीड उरली नाहीं, टोपण नांवाच्या आड दडून जो तो वाटेल तें लिहितो, अशी ती तक्रार. तक्रार खोटी नाहीं. पण रोगाचें स्थान तिला सांपडलेलें नाहीं असें मला वाटतें. आणि तसें वाटावयास एक जुना वाद कारण झाला आहे. त्या वादाचा एक पक्षकार आमच्याच जिल्ह्यांतला होता.

विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी, यांचा जन्म १८२५ सालीं तेव्हांच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील शिरवली येथें झाला. शाळेंतलें शिक्षण बेताचें. कांहीं वर्षें कस्टम खात्यांत नोकरी केली, मग ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्येस गेले. १८५६ मध्यें ते मुंबईस येऊन व्याख्यानें देऊं लागले, आणि १५ जानेवारी १८५७ पासून २८ मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, आठवड्याच्या आठवड्यास, गुरुवारीं सायंकाळीं, त्यांचा ख्रिस्ती मिशनऱ्यांशीं उघडा वाद चालला. प्रतिपक्षांत प्रमुख होते 'बॉम्बे गार्डियन' पत्राचे संपादक जॉर्ज बोएन. हा अमेरिकन गृहस्थही विलक्षणच. मिशनचा पगार सोडून देऊन तो गरिबांच्या वस्तींत राहिला, आणि १८४८ पासून १८८८ मध्यें देह ठेवीपर्यंत मुंबईचाच होऊन गेला. पगार सोडलेले, संसार न केलेले असे दोन पुरुष वाळूवर समोरासमोर उभे राहून एकमेकांचा धर्म खोडून काढीत होते, हें चित्र मला फार आवडतें. बोएन यांनीं त्या चर्चेचा वृत्तांत त्याच वर्षीं इंग्रजींत छापला. मराठींत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' निघाला तो १८७२ मध्यें. बुवा आदल्याच वर्षीं निवर्तले होते.

कोण जिंकलें? कोणीही नाहीं. बुवा ख्रिस्ती झाले नाहींत आणि बोएन यांनीं वेद शिरोधार्य मानले नाहींत. मग एवढी वाळू तुडविली ती कशासाठीं?

आमच्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय तें कळावें एवढ्याच हेतूनें चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि ज्यांत आपला पक्ष मांडावयाचाच नसतो, केवळ दुसऱ्याचा मोडावयाचा असतो, ती वितंडा. किनाऱ्यावरच्या प्रकरणाला ग्रंथाच्या नांवांत 'वादविवाद' म्हटलें असलें तरी तें उघड उघड जल्पाचें होतें. सत्य हातीं लागलें आहे अशी दोन्ही पक्षांची खात्रीच होती. परंतु जल्पालाही एक अट असते. जिंकावयाचें तर आपला म्हणून कांहीं पक्ष उभा करावा लागतो. आज बायबलावर प्रश्न टाकला तर पुढच्या गुरुवारीं वेदांवर प्रश्न येणार, आणि तोच माणूस, त्याच जागीं, त्याच श्रोत्यांदेखत तो विचारणार. बुवांना उत्तर बांधावेंच लागलें. त्या बांधणींतून १८५९ मध्यें 'वेदोक्तधर्मप्रकाश' झाला. हा ग्रंथ आजच्या वाचकाला जड जातो, आणि त्यांतील पुष्कळसें मला मान्यही नाहीं. पण तो ग्रंथ आहे. त्याच्याशीं असहमत होतां येतें. पुढें १८६७ मध्यें, म्हणजे मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड जर्मनींत निघाला त्याच वर्षीं, बुवांनीं 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सर्व प्रजा हें एक कुटुंब, जमीन सर्वांची, धान्य गांवच्या कोठारांत, ज्याला जेवढें लागेल तेवढें त्यानें न्यावें, मुलांचें संगोपन राज्यानें करावें, असा तो मनोरा आहे. मार्क्सचें नांवही कानीं नसतां कोंकणांतल्या एका बैराग्यानें हें लिहावें ह्याचें आम्ही कौतुक करतों. मला मात्र त्यामागें वाळूवरच्या त्या गुरुवारांची तालीम दिसते. 'तुमचें म्हणणें तरी काय?' हा प्रश्न दर आठवड्याला ज्याला ऐकावा लागला, त्याला राज्याविषयींही आपलें म्हणणें पायापासून शिखरापर्यंत सांगण्याची संवय लागली.

टोपण नांवाचा दोषही मी फारसा मोठा मानीत नाहीं. मूळचे पेणचे भाऊ महाजन ह्यांनीं १८४१ मध्यें 'प्रभाकर' काढला, आणि १८४८ पासून त्यांत जीं पत्रें येऊं लागलीं त्यांच्याखालीं 'लोकहितवादी' एवढेंच असे. लेखक गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकर. नांव झांकण्यास त्यांना कारण होतें. त्या पत्रांची भाषा तरी कोठें मवाळ आहे! आपल्याच जातीवर इतके कोरडे आज कोणी ओढले तर त्याच्या घरावर मोर्चा यावयाचा. मुखवटाही होता आणि धारही होती. तरी शंभरावर पत्रें उरलीं, कारण प्रत्येकांत लेखकाला कांहीं हवें होतें.

आतां आजच्याकडे वळतों. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली; त्यांत 'पबजी' हा तरुणांचा लाडका खेळ होता. जूनमध्यें गलवानच्या खोऱ्यांत आमचे जवान कामास आले होते, आणि खेळ मूळ कोरियन कंपनीचा असला तरी मोबाईलवरील त्याच्या प्रसारांत चिनी कंपनीचा हात होता. माझ्या वर्गांतलीं मुलें महिनाभर ह्यावर कोणाकोणाशीं झुंजत होतीं. राजकारण, खेळ आणि यंत्रविद्या ह्यांच्या सीमा त्या महिन्यांत पुसल्या गेल्या. एकानें बंदीचें समर्थन करावें, तर दुसऱ्यानें विचारावें, 'तुझ्या हातांतला फोन कोठला?' ह्या प्रश्नांत चातुर्य आहे, पक्ष नाहीं. विचारणाऱ्याला बंदी हवी कीं नको हें त्यावरून कळत नाहीं. समोरचा गप्प झाला म्हणजे त्याचें काम झालें. पुढें तोच खेळ २०२१ मध्यें नवें नांव घेऊन आला, २०२२ मध्यें पुन्हां अडविला गेला, २०२३ मध्यें पुन्हां सुटला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. राज्यानें प्रजेचा खेळ कोठवर आवरावा? रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ मध्येंच म्हटलें होतें, मग कौशल्य आणि द्यूत ह्यांच्यामधली रेघ ओढावी कोठें? हे प्रश्न खरोखर वादाचे आहेत. पांच वर्षें ह्याच विषयावर भांडलेल्या त्या तरुणांपैकीं एकाला मीं विचारलें, तर त्याच्यापाशीं प्रतिपक्षाच्या ढोंगाचे दाखले भरपूर होते, स्वतःचें मत नव्हतें.

त्याला हंसण्याचा मला अधिकार नाहीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत आमच्या राज्याची विधानसभा निवडणूक झाली, आणि त्यानंतर दोन महिने मी मतदानयंत्रांच्या प्रश्नावर एका अज्ञात गृहस्थांशीं भांडत होतों. त्यांनीं एका पक्ष्याचें नांव धारण केलें होतें. मीं माझें खरेंच नांव ठेवलें होतें, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. आमची भाषा सभ्य होती. मुलांच्या निबंधांत मी ज्या चुका लाल शाईनें दाखवितों त्या मीं त्यांच्या वाक्यावाक्यांत दाखविल्या. मौज म्हणून तो सर्व मजकूर एकदां कागदावर उतरवून काढला. घरीं मंडळींनीं तो चष्मा लावून, मधलीं पानें न गाळतां वाचला, आणि विचारलें, "अहो, पण तुमचें म्हणणें काय?"

मीं पुन्हां वाचून पाहिलें. यंत्रांवर विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये ह्याविषयीं माझें मत त्या पानांत कोठेंही नव्हतें. पक्षीमहाशयांचेंही नव्हतें. दोघेही वैतंडिक, आणि दोघेही सुसंस्कृत! शिवी नसली म्हणजे चर्चा झाली ह्या समजुतीवरचा माझा विश्वास त्या दिवशीं उडाला.

ह्याचा थोडा दोष त्या पडद्याच्या रचनेकडेही जातो. लिहावयास मिळतो तो चौकोन लहान, आणि तो नेहमीं मागल्या वाक्याच्या खालीं उघडतो. उत्तर द्यावयाचें तें त्या वाक्याला, माणसाला नव्हे. श्रोते क्षणोक्षणीं बदलतात. गुरुवार येत नाहीं. पण रचनेनें सर्व कांहीं ठरतें असें म्हणावें तर तेंही खरें नाहीं. १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाचीं चर्चापानें उघडून पाहावीं. तेथेंही माणसें अनोळखी, नांवें टोपण, खटके पुष्कळ. पण भांडणाच्या शेवटीं लेखांत कांहींतरी वाक्य ठेवावेंच लागतें, आणि 'मग काय लिहूं?' ह्या प्रश्नापाशीं वितंडेची गाडी अडते. परस्परांना न पाहिलेल्या माणसांनीं असें वाक्य घडवावें ह्याला मी लहान गोष्ट मानीत नाहीं.

शुद्ध वाद घाला असें मी कोणास सांगत नाहीं. तो ऋषींना साधला असेल. मला जल्प पुरे आहे. माणसानें हट्टानें, जिंकण्याच्या ईर्ष्येनें भांडावें, पण कशासाठीं भांडतों तें एकदां सलग लिहून समोर ठेवावें. मीं तसें केलें. सर्व यंत्रांतील चिठ्ठ्या मोजाव्या ही मागणी सर्वोच्च न्यायालयानें २६ एप्रिल २०२४ रोजीं फेटाळली, तो निर्णय मला मान्य आहे कीं नाहीं, असल्यास कां, आणि चिठ्ठ्यांच्या मोजणींत मला काय बदल हवा आहे, हें चार पानें लिहिण्यास मला तीन आठवडे लागले. दोनदां मत बदललें. तीं पानें मीं पक्षीमहाशयांकडे पाठविलीं.

अकरा दिवस कांहीं नाहीं. बाराव्या दिवशीं उत्तर आलें, तेंही लांब. त्यांत त्यांनीं आपला पक्ष प्रथमच मांडला होता. तो मला मुळींच पटला नाहीं. शिवाय माझ्या दोन चुका काढल्या होत्या. एक त्यांचीच चूक होती. दुसरी मात्र खरी होती: चिठ्ठ्या पडताळतात तीं पांच यंत्रें मीं लोकसभेच्या एका मतदारसंघामागें म्हणून लिहिलीं होतीं, तीं त्यांतल्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागें असतात. तेवढी ओळ मीं दुरुस्त केली आणि दुसऱ्या मुद्द्याचें उत्तर लिहावयास घेतलें.