लेडी मॅकबेथचं मूल

मॅकबेथच्या बायकोला मूल होतं की नव्हतं? शेक्सपिअरच्या नाटकात ती एकदाच म्हणते, मी बाळाला अंगावर पाजलंय, ती माया मला ठाऊक आहे. आणि त्याच दमात ते पोर आपटून मारण्याची भाषा करते. पुढं त्या बाळाचं काय झालं, नाटक सांगत नाही. एल. सी. नाइट्स या समीक्षकानं १९३३ साली असल्या चौकशांची थट्टा केली होती. करू दे बापडा. बाईच्या मनात हा प्रश्न येतोच, आणि दोन मोठ्या दिग्दर्शकांनाही तो टाळता आला नाही.

शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ वाचलेल्यांना कथा नव्यानं सांगायला नको: घरी पाहुणा आलेल्या राजाचा खून, आणि खुन्याच्या पाठीशी त्याची बायको. अकिरा कुरोसावानं १९५७ मध्ये ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये ही कथा जुन्या जपानी सरदारांत नेली. विशाल भारद्वाजनं २००३ मध्ये ‘मकबूल’मध्ये ती मुंबईच्या टोळीत आणली. आणि दोघांनीही त्या बाईला दिवस गेलेले दाखवले.

कुरोसावाची आसाजी (इसुझू यामादा) नोह नाटकातल्या मुखवट्यासारखी आहे. नवरा येरझाऱ्या घालतो, धापा टाकतो. ही बसलेली जागा सोडत नाही. चालली तर रेशमाची सळसळ तेवढी ऐकू येते. काळोख्या दारात ती नाहीशी होते आणि पहारेकऱ्यांसाठी दारूची सुरई घेऊन त्याच काळोखातून बाहेर येते. अंगावर काटा येतो बघताना. पुढं मित्राच्या मुलाला वारस करायचं नवरा ठरवतो, तेव्हा ती शांतपणे सांगते की मला दिवस गेलेत. तेवढ्यावर मित्राचा जीव जातो. शेवटी मूल पोटातच मरतं, आणि ती न दिसणारं रक्त धूत राहते.

‘मकबूल’मधली निम्मी (तब्बू) बायको नाहीच. म्हाताऱ्या टोळीप्रमुखानं, अब्बाजींनी, ठेवलेली बाई. जीव मकबूलवर. अब्बाजींची नजर दुसऱ्या तरुण मुलीकडं वळते, तेव्हा उद्या आपल्याला जागा कुठं, ही भीती तिच्या डोळ्यांत दिसते. आसाजीला असली भीती कुरोसावानं दिलीच नाही. उलट, जंगलात भविष्य सांगणारी पांढरी आकृती आणि आसाजी एकाच साच्यातल्या वाटतात, तीच निश्चलता, तोच सपाट आवाज. म्हणजे चेटकीण आणि बायको जवळजवळ एकच! ‘बायकोनं फूस लावली म्हणून तो बिघडला’ हे आपल्याकडं भावाभावांच्या वाटणीत ऐकतो, तसलंच हे. भारद्वाजनं चेटकिणींचे दोन पोलीस केले, पंडित आणि पुरोहित, कुंडल्या मांडणारे. फूस लावण्याचं काम पुरुषांकडं गेलं. मला हा बदल फार आवडला.

पण निम्मीचं सगळंच पटत नाही. शेवटी ती आपलं प्रेम तरी पवित्र होतं ना, असं विचारते, आणि दिग्दर्शक तिला माफी मिळवून देऊ पाहतो. आपण पाप तीन परींनी मोजतो: स्वतः करणं, करवणं, केल्याला अनुमोदन देणं. प्रेम होतं म्हणून त्यातली एकही परी गळत नाही. आसाजी वेडी होते, पण सबब सांगत नाही. तेवढ्यापुरती ती मला निम्मीपेक्षा मोठी वाटते.

मूल मात्र भारद्वाजनं जगवलं. ते अब्बाजींचं की आपलं, हा संशय मकबूलला आतून पोखरतो, तरी तो त्याला न्यायला दवाखान्यात येतो. पाहतो तर समीरा आणि गुड्डू बाळाजवळ. एकीचा बाप त्यानं मारलेला, दुसऱ्याचा मारवलेला. समीरा बाळाला उचलून छातीशी धरते. मकबूलच्या हातातलं पिस्तूल गळतं, तो तसाच बाहेर चालत येतो आणि गोळी खातो. वाशिझूच्या अंगात त्याच्याच माणसांचे बाण घुसतात, तो शेवट डोळे दिपवणारा आहे खरा. पण दवाखान्यातला हा शेवट शेक्सपिअरलाही सुचला नव्हता.

लेकी-सुनांबरोबर पाहणार असाल तर जपानी सिनेमा आधी लावा. खालच्या ओळी वाचायला पोरी कंटाळतील. आसाजी सुरई घेऊन येते तिथवर बसवून ठेवा, पुढं त्या उठायच्या नाहीत.