प्लेगचे औषध कोणी शोधले?

भिवंडीत आमच्या नववीच्या वर्गाला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' दाखवला. दिवे लागल्यावर एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे प्लेगचे औषध कोटणीसांनी शोधले ना?" मुलाचे काही चुकले नव्हते. चित्रपट पाहून कोणाचाही तोच समज होईल.

व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९४६ चा. तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधील पुस्तकावर बेतलेला आहे. पटकथाही अब्बास आणि व्ही. पी. साठे यांचीच. अब्बास मूळचे पत्रकार. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सुरू झालेले त्यांचे 'लास्ट पेज' हे सदर पुढे 'ब्लिट्झ'मध्ये गेले. आमच्या गावातली उर्दू वाचणारी जुनी मंडळी त्यांना उर्दू 'ब्लिट्झ'मुळे ओळखतात. पुस्तकाच्या नावातच त्यांच्यातला वार्ताहर दिसतो: 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. १९३८ मध्ये पाच डॉक्टर चीनला गेले, चार परतले, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परतले नाहीत. सारी हकीकत एका ओळीत! महायुद्ध चालू असताना, कोटणीसांना जाऊन जेमतेम दोन वर्षे होतात न होतात तोच हे पुस्तक आले, याचे श्रेय अब्बासना द्यायलाच हवे.

पडद्यावर मात्र वार्ताहर मागे पडला. तिथे नायक प्लेगवर उपाय शोधतो आणि त्याच रोगाने दगावतो. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले. प्लेगसाठी स्वतःच्या जिवावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ हवाच असेल, तर तो मुंबईत होऊन गेला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. अर्थात ती लस होती, औषध नव्हे. हा फरकही वर्गात सांगावा लागतो.

ही अदलाबदल का केली असेल? माझा तर्क असा, की 'फिट' येऊन मरणारा नायक लेखकांना पडद्यावर नको वाटला असावा. प्लेगचे मरण वीराचे, अपस्माराचे मात्र लपवण्याचे! आमच्याच शाळेत एका मुलीच्या घरच्यांनी तिचा हा आजार दोन वर्षे आमच्यापासून लपवला होता. तिला वर्गात झटका आला तेव्हा तिला कुशीवर वळवायचे हेही कोणाला ठाऊक नव्हते. एक जण चप्पल हुंगवायला धावला. असा आजार असलेला माणूस शल्यविशारद होता आणि आघाडीजवळच्या बेथ्यून रुग्णालयाचा संचालक होता, हे त्या मुलीला चित्रपटातून कळले असते तर?

नाट्य खऱ्या हकिकतीतही कमी नव्हते. १९४० मधील एका लढाईत कोटणीसांनी जवळजवळ ७२ तास सलग शस्त्रक्रिया केल्या. ते तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवत होते, शल्यक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी हे सारे वर्गात सांगितले. तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनी शोध काहीच लावला नाही?" नाही, म्हटले. तो जरा खट्टू झाला. मग त्याने विचारले, "७२ तास म्हणजे किती रात्री, सर?"