सौरपंप मोजले, न्याय मोजायचा राहिला

ऊर्जेवर प्रपोजल लिहायला घेतलं की ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द पहिल्याच पानावर येतो. तो आला कुठून, ते आधी बघा. अमेरिकेत तेल आणि रसायन कामगारांचे नेते टोनी मझोकी यांनी ही मागणी लावून धरली: कारखाना बंद करा, पण कामगाराला वाऱ्यावर सोडू नका. २०१५च्या पॅरिस करारातही याच अर्थाने कामगारांचा उल्लेख आहे.

माझा आक्षेप कल्पनेवर नाही, ती जशीच्या तशी उचलण्यावर आहे. रावेरच्या केळीपट्ट्यात या. इथे तेलविहिरी नाहीत. बांधावर डिझेल इंजिन नाहीतर विजेची मोटर आहे. २०१९मध्ये केंद्राची पीएम-कुसुम आली, २०२४मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना. रात्रीच्या लाइटीची वाट बघणाऱ्याला दिवसा पाणी मिळतं, हा फायदा खराच.

पण आपण मोजतो काय? पंप किती बसले, डिझेल किती वाचलं. यातून इंधन बदललं एवढंच कळतं. न्याय झाला का, हे कळायला तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला, सातबारा कोणाचा? राज्याच्या योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. म्हणजे जमीन जास्त त्याला पंप मोठा. सालदार आणि बटाईदार यादीत येतच नाहीत. उताऱ्यावर नाव नसेल, तर केळीत दिवसभर राबणारी बाईही नाही.

दुसरा, पाणी किती खोल? रावेर-यावलमध्ये उपशाने भूजल खाली गेलंय. खोल ट्यूबवेलला लहान पंप पुरत नाही, आणि लहान पंप मिळतो तो लहान शेतकऱ्यालाच.

तिसरा, उपसा रोखणार कोण? डिझेल टाकताना खिसाच हात धरायचा. उन्हाला बिल नाही. पाणी आणखी खाली गेलं की आधी कोरडी पडते ती उथळ विहीर.

मझोकींचा मूळ प्रश्न मात्र सोडू नका: बदलाची किंमत कोण मोजतो? शेजारच्या दीपनगर वीजकेंद्रातल्या कंत्राटी कामगाराबद्दल तो विचाराच, पण बांधावरही विचारा.

प्रश्नावलीत ‘पंप बसला का?’ या रकान्याआधी ‘जमीन कोणाच्या नावावर?’ हा रकाना टाका. गाइड म्हणतील, याचा ऊर्जेशी काय संबंध? तुमचा प्रबंध तिथूनच सुरू होतो.