लोहाराने घडवलेला आवाज

युक्रेनी लोककथांची अलीकडची पडद्यावरची रूपं बघून वैताग आला, म्हणून हे लिहितोय. ‘मिकिता कोझुम्याका’ या २०१६च्या ॲनिमेशनपटाने कीवच्या चामडं कमावणाऱ्या किरिलोची गोष्ट त्याच्या मुलाच्या पराक्रमाची करून टाकली. जुन्या गोष्टीत पळवून नेलेली राजकन्या ‘तुझ्याहून बलवान कोण?’ हे ड्रॅगनच्याच तोंडून काढून घेते आणि कबुतराकरवी बापाला चिठ्ठी धाडते. लढ म्हणून विनवायला आलेल्या म्हाताऱ्यांना किरिलो दाद देत नाही, तरुणांनाही नाही. लहान पोरं रडू लागतात तेव्हा कुठे तो विरघळतो. डोकं मुलीचं, मध्यस्थी पोरांची, किरिलोची नुसती ताकद. नेमकं हेच नव्या रूपात हरवलं. २०२३चा ‘मावका’ दिसायला देखणा आहे, पण तो लेस्या उक्राइन्काच्या नाटकावरचा. त्याला लोककथेच्या खात्यात घालू नये. लोककथेतला गदावाला वीर कोटिहोरोश्को युद्धाच्या दिवसांत सगळ्यांना प्रिय असणारच, त्यावर आणखी काय बोलायचं?

खरा ऐवज आहे ‘इवासिक-तेलेसिक’मध्ये. मूल नसलेला म्हातारा लाकूड तासून पाळण्यात ठेवतो, म्हातारी झोके देते आणि लाकडाचा मुलगा होतो. तो नावेतून मासे धरतो. आईने काठावरून गाणं म्हणून हाक मारली की जेवायला येतो. नागीण तीच हाक मारते, पण घोगऱ्या आवाजात. पोरगा फसत नाही. मग ती लोहाराकडे जाते, आईसारखा बारीक आवाज घडवून घेते, आणि या वेळी पोरगा फसतो. आईची माया म्हणून जे काही ऐकू येतं, ते भट्टीवर ठोकून तयार करता येतं, हे कथा किती सहज सांगून जाते! लिंगभावावरचे जाडजूड निबंध इथवर पोचत नाहीत. ते किती मुलगे, किती मुली, कोण पाणी भरतं, याचे तक्ते मांडत बसतात.

या तक्तेवाल्यांचा आवडता आरोपी म्हणजे ‘म्हाताऱ्याची लेक आणि म्हातारीची लेक’. रात्री घोडीचं तुटकं मुंडकं दार वाजवतं. सावत्र पोर दार उघडते, त्याला उचलून उंबऱ्याच्या आत घेते, जेवू घालते, अंथरूण घालून देते आणि श्रीमंत होते. म्हणजे मुलींना आज्ञाधारकपणाचे धडे, झालं! अहो, मग ओलेन्काचं काय? नागिणीची ही मुलगी आईने सांगितलं म्हणून भट्टी पेटवते, इवासिकला भाजायला निघते. तो म्हणतो, फावड्यावर बसायचं कसं ते दाखव की. ती दाखवते, तो तिला आत ढकलतो, आणि आईच तिला खाऊन टाकते. आज्ञा पाळण्याचं हे बक्षीस! सावत्र पोरीला मुंडकं घरात घ्यायला घरच्या कुणी सांगितलेलं नव्हतं; मागणी त्या मुंडक्याचीच होती. अंधारात, एकटीने, तिने स्वतः ठरवलं. याला आज्ञापालन म्हणणाऱ्यांनी कथा पुन्हा वाचावी. आणि इवासिकचं शौर्य तरी कोणतं? वेड पांघरून पेडगावला जाणं, झाडावर चढणं, शेवटी मागे राहिलेल्या एकट्या हंसाच्या पाठीवर बसून घरी येणं. तलवार कुठेच नाही.

तेव्हा पुढच्या पटकथाकाराने ओलेन्काला धनुष्यबाण देऊन इवासिकची मैत्रीण करू नये. तिला भट्टीतच जाऊ द्यावं. ती आईचं ऐकून गेली, हे प्रेक्षकातल्या पोरींना कळेल. त्यांना त्यासाठी पटकथाकाराची मदत लागत नाही.