‘सिमेंटचा पत्रा’ : एका नावावर आक्षेप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदाखाली गाडली गेली. माळवदावरचा मातीचा जाड थर उन्हाळ्यात घर थंड ठेवी. पण कोसळला की जीव घेई. तेव्हा सास्तूर, उमरगा भागातील माणसांना डोक्यावर काहीतरी हलके हवेसे वाटले, यात नवल नाही. पत्रा हलका असतो.

आमचा आक्षेप पत्र्यापेक्षा त्याच्या नावावर आहे. गवंडी आणि दुकानदार त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, आणि सिमेंट म्हटले की ऐकणारा निर्धास्त होतो. जुन्या नालीदार पत्र्यात साधारण दहावा हिस्सा अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते या नावात कोठेच दिसत नाही. आम्हा शिक्षकांचाही यात वाटा आहे. तिवईवरच्या तारेच्या जाळीतला पांढरा गोल दाखवून ‘हे जळत नाही’ एवढेच आम्ही वर्षानुवर्षे सांगितले.

अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो आणि दिसेनासा बारीक होतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसात खोल शिरतो. तेथल्या भक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. पण लांब तंतू त्यांच्यात मावत नाही, विरघळतही नाही. कर्करोग दिसायला वीस-चाळीस वर्षे लागतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्यास सांगितले, ते उगीच नव्हे. सुट्टीत स्वतःच्या घराचा पत्रा कापणाऱ्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

यावर दोन सल्ले ऐकू येतात आणि आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. ‘सिमेंटमध्ये घट्ट बसलेले आहे, काही होत नाही’ हे नव्या, अखंड पत्र्याबद्दल बरेचसे खरे आहे. पण उन्हापावसाने वरचे सिमेंट झिजते आणि तंतू उघडे पडतात. दुसरा सल्ला ‘आजच काढून टाका’ असा. घाईने हातोडा मारून काढलेला पत्रा जागेवर असलेल्या पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक धूळ उडवतो. परदेशी पुस्तिका परवानाधारक माणूस बोलवा म्हणतात. तो उमरग्यात कोठे शोधायचा?

म्हणून धड असलेल्या पत्र्याला हात लावू नये. तो खालून खराट्याने झाडू नये, पंख्यासाठी भोक पाडू नये, विजेच्या कटरने तर मुळीच कापू नये. अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. जुना पत्रा असल्यास आहे असेच धरावे. काढणे भागच असेल तर आधी पाण्याने भिजवावा, आकड्यांच्या चाक्या सोडवून अखंड उतरवावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. खाली सांडलेले ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. त्यासाठीचा मुखवटा वेगळा असतो. कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. आणि पत्र्यावर चढू नये! जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो. तो धोका वीस वर्षे थांबत नाही.

फुटके तुकडे आपल्याकडे वाटेतल्या खड्ड्यात भरतात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात रचून ठेवतात. शेकोटीत टाकलेला तुकडा आतल्या पाण्याची वाफ होऊन फटकन फुटतो, म्हणून मुलांना त्याची मौज वाटते. शाळेच्या मागे असा ढीग असेल, तर मधल्या सुट्टीत तेथे कोण खेळते ते एकदा पाहून यावे.